स्वतःच्या पायानं गेलेली सुपारी

दसऱ्याच्या दुपारी सुपारी शेवटी आत गेली. टुक असा आवाज आला, भंगारवाल्या कमळ्याने सगळ्यांच्या आधी ‘मोरया’ म्हटलं, आणि कळंबच्या त्या घरात एकदाचं श्रीखंड वाढायला घेतलं.

पण हे काही झालेलं नाही असं धरून चालू. दसरा अजून लांब आहे, गणपती नुकतेच गेलेत, सुपारीचा विषय कुणी काढलेला नाही, आणि आपल्या घरातली एक सुपारी दहा-बारा वर्षं बेपत्ता आहे हे रूपेशला ठाऊकसुद्धा नाही. त्याच्यापुढे प्रश्न एकच होता. आईचा कॉम्प्युटर सुरू केल्यावर थोड्याच वेळात स्वतःहून बंद का पडतो.

तो कॉम्प्युटर तसा रूपेशचा. तो डिप्लोमाला गेला तेव्हा वडिलांनी, म्हणजे हिरामणने, कर्जतहून कुणाचा तरी जुना विकत आणला होता. पुढे रूपेशने डिप्लोमा सोडला, हिरामणने जग सोडलं, कॉम्प्युटरने मात्र जागा सोडली नाही. आतल्या खोलीत खिडकीपाशी टेबलावर त्याचा उभा खोका आणि शेजारी ढेरपोट्या पडदा. खोक्याच्या वरच्या पत्र्याला पंख्यासाठी पाडलेलं पेरूएवढं गोल भोक होतं. त्यावरची जाळी विकणाऱ्याने ठेवून घेतली असावी, आठवण म्हणून.

रूपेश आता कळंबजवळच्या एका रिसॉर्टवर कामाला होता. ‘तलावात जेवू नये’ आणि ‘जेवणात पोहू नये’ अशा दोन्ही प्रकारच्या पाट्या तो छापून आणायचा. दुसरी चुकून छापली गेली होती, पण ती कुणी काढली नाही आणि तिचं उल्लंघनही कुणी केलं नाही.

आईचे, म्हणजे सुंदराचे, गुडघे गेले आणि तिचं भातलावणीला जाणं थांबलं, तेव्हा रूपेशने तिला कॉम्प्युटरमधला पत्त्यांचा खेळ दाखवला होता. एकट्याने खेळायचा. लालवर काळं, काळ्यावर लाल, आणि एक्क्यापासून राजापर्यंत चार ढीग लावायचे. डाव सुटला की सगळे पत्ते उड्या मारत पडद्यावरून खाली येतात. आई त्याला ‘पत्ते सांडले’ म्हणायची. रोज दुपारी भांडी आटोपली की ती पदर खोचून खुर्चीत बसायची, आणि बदामची राणी कुठे अडकली आहे ते शोधताना तिचा चेहरा बी-बियाणं निवडणाऱ्या माणसासारखा व्हायचा. मोठी सून विनिता चहा घेऊन यायची आणि कप ठेवून झाल्यावरही दारात जरा वेळ रेंगाळायची.

आता मात्र दोन-चार पत्ते हलले की खोका आधी घरघरायचा, मग किंचाळायचा, मग गप्प. पडदा काळा. आई थोडा वेळ त्या काळ्या पडद्यात स्वतःकडे बघत बसायची आणि उठायची.

रूपेशचा मोठा भाऊ नवीन याला हे दैवी मार्गदर्शन वाटलं. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना घरातली एक खोली भाड्याने द्यायचं त्याच्या मनात होतं. त्या खोलीला त्याने मनातल्या मनात ‘फॅमिली रूम’ असं नावही दिलं होतं, फक्त तिच्यात आपली फॅमिली नको होती. खोका कमळ्याला देऊन टाकू असं तो म्हणाला. आई म्हणाली, द्यायचा नाय. रूपेश म्हणाला, मग उघडून साफ तरी करतो. आई म्हणाली, उघडायचा पन नाय.

का, ते तिने सांगितलं नाही. विचारलं की ती कढी ढवळायला जायची. कढी नसली तरी.

मग खालापूरला बहिणीच्या घरी पितरांचं जेवण निघालं आणि आई दोन दिवसांसाठी गेली. तिची गाडी वळणाआड जाते न जाते तोच रूपेशने खोका ओटीवर आणला आणि बाजूच्या पत्र्याचे स्क्रू काढले.

आत शेत होतं. तळाशी तांदळाचा थर, त्यावर हळद, त्यावर कुंकू, त्यावर वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या, भाताची लोंबी आणि उदबत्तीच्या काड्या. कोपऱ्यात कुंभारमाशीने मातीचं घर बांधून पुढे अंगणही सोडलं होतं. दर दसऱ्याला कोयता, विळा, ट्रॅक्टर आणि कॉम्प्युटर यांची पूजा व्हायची हे रूपेशला माहीत होतं. पण ट्रॅक्टरला वरून भोक नसतं. इथे वर्षानुवर्षांची पूजा थेट पोटात उतरली होती. जो पंखा आतल्या मुख्य भागाला गार ठेवतो त्याच्या पात्यांमध्ये अक्षता अशा गच्च बसल्या होत्या की त्याच्या जागी माणूस असता तर तोही किंचाळला असता.

नवीन वाकून बघत म्हणाला, “एकरी किती उतरला असंल रं?”

रूपेशने तांदूळ खरवडून सुपात काढला. त्यात सोंडे निघाले. तेही सुखवस्तू दिसत होते. रॅमची पट्टी काढून खोडरबराने पुसली. धुळीसाठी ब्रश लागला तेव्हा त्याने नवीनचा दाढीचा ब्रश घेतला, आणि ते नवीनला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नवीन लाल गालांनी लाजल्यासारखा घरभर हिंडला, पण त्याचा या गोष्टीशी संबंध नाही.

पंख्याच्या खाली पत्र्याच्या पट्ट्यांत मात्र सगळं घट्ट अडकलं होतं. तिथेच एक काळपट, गोल, कुंकवाने माखलेली वस्तू रुतली होती. सुपारी असावी. घुशीने आणून ठेवली असेल असं रूपेशला वाटलं. ती ओढून निघेना. याला हवाच मारायला हवी होती, पंक्चरवाल्याकडची, जोराची.

कळंबला पंक्चरवाला होता, धाऊ. पण तो आईचा भाचा. त्याच्या दुकानात टायरमधली हवा आणि घरातली बातमी, दोन्ही सारख्याच वेगाने बाहेर पडायच्या. म्हणून रूपेशने खोका तांदळाच्या गोणीत घातला, बाइकला मागे बांधला आणि कर्जत ओलांडून थेट चौक गाव गाठलं. तिथे जुन्या हायवेला त्याचा शाळेतला मित्र लडकू टायरचं दुकान चालवायचा.

लडकूने गोणीतून निघालेल्या वस्तूला सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, किती मारू, पुढच्या चाकाएवढी का मागच्या. रूपेश म्हणाला, तू मार, मी थांब म्हनीन. त्याने पंखा फिरू नये म्हणून बोटाने दाबून धरला. लडकूने नळी आत घातली आणि खटका दाबला.

पुढचं चौकच्या लोकांनी बरेच दिवस सांगितलं. खोक्यातून आधी पिवळा ढग निघाला, मग लाल. अक्षता गारांसारख्या सुटल्या. पाकळ्या उडाल्या. टण्ण असा एक आवाज झाला आणि काहीतरी गोळीसारखं कुठेतरी गेलं. समोरून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने गाडी कडेला घेतली, खाली उतरून चपला काढल्या, हात जोडले आणि काही न विचारता पुढे गेला. ढग बसला तेव्हा रूपेश आणि लडकू जेजुरीहून आल्यासारखे उभे होते. खोका मात्र आतून असा लख्ख झाला होता की त्यात भांग पाडावा.

लडकूने पैसे घेतले नाहीत. निघताना गिऱ्हाइकाला म्हणायचं ते म्हणाला, “या परत.”

घरी येऊन रूपेशने खोका जोडला. कॉम्प्युटर सुरू झाला आणि सुरूच राहिला. घरघर नाही, थरथर नाही. रूपेशने स्वतः एक डाव लावून बघितला, हरला, आणि समाधानाने झोपला.

आई परत आली. हातपाय धुतले, चहा घेतला, आतल्या खोलीत गेली आणि बटण दाबलं. रूपेश दारात उभा राहून तिच्या तोंडाकडे बघत होता. आईने खोक्याला कान लावला. मग मोबाइलची बॅटरी लावून वरच्या भोकातून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“आत व्हते ते कुठं गेले?”

रूपेशने कोण म्हणून विचारलं.

आई खुर्चीत बसली. “या खोक्याचा पयला दसरा आटव. खोक्यावर पान ठेवलं, पानावर सुपारी. गनपती म्हनून मांडली. दुसऱ्या दिशी देव हलवाया आले, तं पान हाय, सुपारी नाय. कुनी उचलली नाय. खोका थरथरत व्हता आन् देव आपल्या पायानं आत गेला.”

“मग तवाच बोलायचं ना.”

“तुज्या बापानं पान्हा घेऊन खोका फाडला असता.”

म्हणजे उत्तरपूजा न झालेला गणपती इतकी वर्षं खोक्यात मुक्कामाला होता. त्याला अक्षता वाहायच्या तर त्या आतच वाहायला हव्यात, म्हणून दर दसऱ्याला आई त्या भोकातून सोडत आली होती. कॉम्प्युटर कशाने मेला होता ते रूपेशला आता कळलं. पण आईचं बोलणं संपलं नव्हतं.

“गनपतीत या घरात रातभर पत्ते चालायचे,” ती म्हणाली. “पुरुषमानसांचे. चाळीस वर्सं मी दारात उभी राहून बघितलं. चा द्यायचा आन् बघायचं. मला समदे डाव कळायचे रं. तुजा बाप चुकीचा पत्ता टाकायचा तवा माजा हात शिवशिवायचा. कुनी म्हनलं नाय, बस गं. आन् ते देवासमोर खेळायचे, म्हनून त्यांना कुनी जुगारी नाय म्हनलं. मंग मला देव खोक्यात गावला, तवा मी खेळाया बसले. आता आत कोन हाय?”

आत रॅम होती, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

आईने पडद्यावर कापडी झाकण घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती निवडलेले तांदूळ परत निवडत बसली, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही. तांदळात अजून खडे हायेत, असं ती म्हणायची. रूपेशने तिला मोबाइलवर तोच खेळ काढून दिला. आईने तो उलटा-पालटा करून पाहिला आणि म्हणाली, याच्यात सुपारी मावत नाय. मग त्याने कर्जतच्या बाजारातून नवी सुपारी आणून गुपचूप भोकातून सोडली. आईने बॅटरी मारली. म्हणाली, घातलेला देव आन् गेलेला देव, फरक असतो रं. रूपेशने पुन्हा स्क्रू काढले, सुपारी काढली आणि उगाच खाल्ली.

शेवटी तो चौकला गेला. लडकूला म्हणाला, त्या दिवशी उडालेली सुपारी शोधायची आहे. लडकूने जुन्या हायवेकडे पाहिलं. त्यावरून तेव्हापासून अर्ध्या महाराष्ट्राचे टेंपो गेले होते. पण मित्र तो मित्र. दोघांनी कडेचं गवत पाहिलं, टायरांच्या चळती हलवल्या, जाणाऱ्या-येणाऱ्यांना काय शोधतोय ते सांगितलं आणि मग सांगायचं बंद केलं. अखेर लडकूने ट्यूब बुडवून पंक्चर बघायच्या टपात हात घातला. काळ्या पाण्यातून आधी एक खिळा निघाला, मग एक वॉल्व, मग ती.

रूपेशने तिथूनच आईला फोन लावला. सापडली म्हणाला.

“कुठं?”

“पान्यात.”

फोनमध्ये कळंबचे कावळे ओरडत होते. “मंग आता ठेव तिथंच,” आई म्हणाली. “बुडवलेला देव कुनी काढतं का?”

रूपेशने सुपारी परत टपात सोडली. आईने मग एकेक विचारायला घेतलं. देव हलवताना अक्षता पडल्या होत्या का? रूपेश म्हणाला, सुपाएवढ्या. हळद-कुंकू? रूपेश म्हणाला, अजून आमच्या कानात आहे. फुलं? होती. कुणी हात जोडले? एका ट्रकवाल्याने, चपला काढून.

“आन् परत या असं कोन बोललं का?”

रूपेशने आठवलं. “लडकू बोलला.”

“मंग येतील,” आई म्हणाली आणि फोन ठेवला.

लडकू आपल्या टपाकडे बघत होता. त्यात आता ट्यूब बुडवावी की नाही हे त्याला कळेना. त्याने तो उचलून उंबराखाली नेला आणि स्वतःसाठी निळा टप विकत आणला.

आईने घरात सगळ्यांसमोर जाहीर केलं. दसऱ्याला नवी सुपारी मांडायची. आपल्या पायाने आत गेली तर खोका राहील. नाही गेली तर नवीनने कमळ्याला बोलवावं, ती एक शब्द बोलणार नाही. नवीनने कमळ्याला दसऱ्याच्या दुपारचंच बोलावून ठेवलं, म्हणजे खोळंबा नको.

दसरा आला. दाराला तोरण, तोरणात नव्या भाताच्या लोंब्या. कोयता, विळा आणि ट्रॅक्टर यांची पूजा उरकून मंडळी आतल्या खोलीत जमली. आईने कॉम्प्युटर सुरू केला. भोकाच्या कडेला विड्याचं पान ठेवलं, पानावर सुपारी मांडली, हळद-कुंकू वाहिलं. अक्षता या वेळी फक्त पानावर. टेबलाला कुणी हात लावायचा नाही असं बजावून ती खुर्चीत बसली.

सगळे सुपारीकडे बघत होते. सुपारी कुणाकडेच बघत नव्हती.

तेव्हा रूपेशच्या डोक्यात प्रकाश पडला. सुपारी पूर्वी आत गेली ती खोका थरथरत होता म्हणून. आता तो थरथरत नव्हता. त्याने इतका साफ केला होता की पंखा चालू आहे हे हात लावल्याशिवाय कळत नव्हतं, आणि हात लावायचा नव्हता. आपण आईचा कॉम्प्युटर दुरुस्त करून बिघडवलाय, असं त्याला स्वच्छ दिसलं.

कमळ्या आला. त्याला विषय कळल्यावर तो टोपी काढून भिंतीला टेकला. बाहेर पुऱ्या गार होत होत्या. नवीन मनगटावरचं घड्याळ बघायचा, मग आईकडे बघायचा, मग घड्याळ बघितलंच नव्हतं असं दाखवायचा. आई हलली नाही. फक्त तिच्या मांडीवरचा उजवा हात आपोआप माउस धरल्यासारखा वळला होता. तो एकदा दिसल्यावर रूपेशला दुसरं काही दिसेना.

तेवढ्यात विनिता मिक्सर घेऊन आत आली. मिक्सरच्या भांड्यात खोबरं, मिरच्या, कोथिंबीर. तिने तो कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवला आणि भिंतीत वायर खुपसली.

“वयनी, आता?” रूपेश म्हणाला.

“किचनमंदला पॉइंट गेलाय,” विनिता म्हणाली. “चटनी नको का?”

किचनमध्ये फ्रीज घुमत असल्याचं सगळ्यांना ऐकू येत होतं. आईने विनिताकडे पाहिलं. विनिताने मिक्सरकडे पाहिलं. टेबलाला तिने हात लावलाच नव्हता.

मिक्सर सुरू झाला. टेबल थरारलं, खोका थरारला, पान थरारलं. सुपारी आधी जागच्या जागी डुलली, मग स्वतःभोवती फिरली, मग कडेपर्यंत जाऊन थांबली, एखादं माणूस पाण्यात पाय घालून बघतं तशी. विनिताने खटका तीनवर नेला.

टुक.

कमळ्याने ‘मोरया’ म्हटलं. मग नवीननेही म्हटलं, कारण न म्हणून भागणार नव्हतं. आपली फॅमिली रूम त्या भोकातून आत गेलेली त्याने पाहिली आणि हात जोडले. कमळ्या श्रीखंड खाऊन रिकाम्या हाताने गेला, आणि इतकं चांगलं भंगार आपल्याला आजवर मिळालं नव्हतं असं जाताना म्हणाला.

जेवणं झाली, भांडी झाली. आईने पडद्यावरचं झाकण काढलं आणि डाव लावला. विनिताने चहा आणून ठेवला आणि सवयीने दारात जाऊन उभी राहिली.

“दारात काय करतीस गं?” आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “खुर्ची आन. ये, बस.”

विनिताने खुर्ची आणली. थोड्या वेळाने ती म्हणाली, “आई, तो काळा गुलाम उचला.” आईने उचलला. खालून लाल सत्ती निघाली आणि अडलेला डाव वाहता झाला. एक ढीग लागला, दुसरा लागला, तिसरा लागला. दोघी पुढे वाकल्या. दारात आता रूपेश उभा होता. पत्ते सांडायला एक राजा तेवढा उरला असताना गावातली वीज गेली.

आई या वेळी काळ्या पडद्यासमोरून उठली नाही. मग तिने रूपेशला कागद-पेन आणायला सांगितलं, आणि तो कागदी भाषेत लिहील या विश्वासाने मजकूर सांगितला. त्याने तो असा उतरवला:

प्रति, मा. वीज अधिकारी साहेब यांसी.

विषय: डाव अर्धा असताना वीज न घालविणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करते की, आमचे राहते घरी कॉम्प्युटरमध्ये देव बसले असून ते स्वतःच्या पायाने गेलेले आहेत. त्यांचेसमक्ष मी व माझी सून रोज दुपारी पत्ते खेळतो. सबब दुपारी भांडी झाल्यापासून पत्ते सांडेपर्यंत वीज घालविण्यात येऊ नये. घालविणे अगदीच भाग असल्यास आपला माणूस अगोदर आमचे घरी पाठवावा. त्याने दारात उभे न राहता आत येऊन बसावे, डाव पुरा होऊ द्यावा व मगच तारेला हात लावावा. त्यास चहा देण्यात येईल. बदामची राणी कुठे अडकली आहे हे त्यास आमच्याआधी दिसल्यास त्याने ते सांगू नये, असे लेखी आदेश आपल्या स्तरावरून व्हावेत, ही नम्र विनंती.